प्रौढ वयातील अवधान-न्यूनता : स्वभावदोष नव्हे, विकार

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ निवळी मागे टाकून पुढे आला, की हातखंब्याचा तिठा लागतो. येथून एक रस्ता रत्नागिरी शहराकडे वळतो. दुसरा पालीपर्यंत जाऊन पुढे गोव्याकडे आणि आंबा घाटाने कोल्हापूरकडे फुटतो. तिठ्यावरचे गाव म्हणजे वर्दळीचे गाव. चहाच्या टपऱ्या, पंक्चर काढणारे, हंगामात आंब्याच्या पेट्यांनी लादलेले टेम्पो आणि रात्री-अपरात्री बंद पडलेल्या गाड्या हे येथले नित्याचे दृश्य आहे. अशा गाड्या दुरुस्त करणारे या परिसरातील एक गृहस्थ प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, त्यांची हकीकत येथे देत आहे.

परिचय झाला तो दौऱ्यावर असताना, ऐन पावसात आमची शासकीय गाडी बंद पडली तेव्हा. रात्रीचे दहा वाजून गेले होते. या गृहस्थांनी इंजिनाला कान लावला, दोन प्रश्न विचारले आणि विजेरीच्या उजेडात अर्ध्या तासात गाडी चालू करून दिली. मजुरी घेण्याचे मात्र ते विसरले. आम्हीच आठवण करून दिली. चालकाने एक सुटा भाग मागवून ठेवण्यास सांगितले, तेव्हा “परवा येईल, साहेब,” असे त्यांनी मोठ्या खात्रीने सांगितले. तो भाग मिळण्यास पाच आठवडे लागले. चौकशी करता गावातील एका वृद्धाने जे सांगितले त्यात सारे आले : “हात सोन्याचा हो, पण माणूस बेभरवशाचा!”

या बेभरवशाची किंमत त्या घराने बरीच मोजली होती. गल्ल्यात पैसे असताना बिल भरायचे राहून वीज तोडली गेली होती. महामार्गाच्या चौपदरीकरणात घरची काही जागा गेली. तिचा मोबदला हाती आला आणि दहा दिवसांच्या आत, घरात कोणाला न विचारता, त्यातील मोठ्या रकमेची एक जुनी टोइंग गाडी खरेदी झाली. ती गाडी वर्षभर दारात उभी होती. कामे एकाच वेळी पाच सुरू व्हायची आणि त्यांतील दोन पुरी व्हायची. पत्नी शेवटी मुलांना घेऊन माहेरी गेली, ती दोन महिने तिकडेच होती. “दारू पीत असता तर निदान कारण तरी कळले असते,” असे ती म्हणाल्याचे या गृहस्थांनीच मला सांगितले.

उलगडा झाला तो त्यांच्या मुलामुळे. तिसरीतला मुलगा वर्गात बसत नाही, ऐकत नाही, म्हणून शिक्षिकेच्या सूचनेवरून त्याला रत्नागिरीस डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर मुलाविषयी विचारीत होते आणि त्याच्या आजीची उत्तरे मुलाच्या बापाविषयी येत होती. “ह्याचा बापूस पण असाच. एका जागी बसला तर शपथ!” डॉक्टरांनी मुलाची तपासणी संपवून बापाकडे मोर्चा वळविला. त्या वेळी या गृहस्थांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते.

विकाराचे स्वरूप

या विकारास वैद्यकात अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, संक्षेपाने एडीएचडी, असे म्हणतात. मराठीत त्याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणता येईल. मात्र आपल्या भाषेत या विकाराच्या खुणा सांगणारे शब्द फार पूर्वीपासून आहेत. वेंधळा, धांदरट, उतावळा, विसरभोळा, धरसोड्या, आरंभशूर हे ते शब्द. हे सारे शब्द दोष दाखविणारे आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या मुलाने ते वीस-पंचवीस वर्षे रोज ऐकले, तो मोठेपणी स्वतःविषयी काय समजून चालत असेल याची कल्पना वाचकांनी करावी.

वैद्यकास हा प्रकार नवा नाही. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यांनी १७९८ साली अवधान टिकविता न येणाऱ्या व्यक्तींचे वर्णन करून ठेवले आहे. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांविषयी व्याख्याने दिली. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना असे आढळून आले, की काही उत्तेजक औषधाने अशी मुले अधिक चंचल होण्याऐवजी शांतपणे अभ्यासास बसतात. मुले मोठी झाली की हा त्रास आपोआप जातो, अशी समजूत मात्र बराच काळ टिकून होती. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल वेंडर आदींनी प्रौढ रुग्णांकडे लक्ष वेधले आणि ती समजूत हळूहळू मागे पडली. आज जगभरातील पाहण्यांवरून प्रौढांपैकी सुमारे अडीच टक्के व्यक्तींना हा विकार असावा असा अंदाज केला जातो. म्हणजे चाळीस माणसांच्या कचेरीत साधारण एक.

विकार बव्हंशी आनुवंशिक आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात येतो. आजीबाईंचे निरीक्षण शास्त्रास धरूनच होते, असे म्हणावयास हरकत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाकडे बेत आखणे, आवर घालणे, वेळेचे भान ठेवणे ही कामे असतात. फिलिप शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की या विकाराच्या मुलांत मेंदूच्या बाह्य आवरणाची वाढ इतर मुलांच्या मानाने सुमारे तीन वर्षे उशिरा पूर्णत्वास येते. डोपामीन व नॉरअॅड्रेनलीन या मेंदूतील रसायनांच्या कार्याशीही त्याचा संबंध आहे. बुद्धिमत्ता कमी असण्याशी मात्र त्याचा संबंध नाही.

प्रौढपणी उड्या मारणे, धावत सुटणे हे प्रकार मावळतात. त्यांची जागा आतली बेचैनी घेते. बैठकीत पाय हलत राहतो, दुसऱ्याचे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर बाहेर पडते, रांगेत उभे राहणे नकोसे होते. विसराळूपणा आणि दिरंगाई कायम राहते. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. या व्यक्तींना लक्ष देताच येत नाही असे नव्हे. आवडीच्या किंवा निकडीच्या कामात ते इतके गढून जातात, की जेवणाची शुद्ध राहत नाही. उणीव असते ती लक्षाच्या लगामाची. आमच्या परिचयातील गृहस्थ बंद इंजिनापुढे चार तास बसतील, पण चार ओळींचा अर्ज चार महिने लिहिणार नाहीत. घरच्या माणसांना हे सर्वांत खुपते. “मनात आले की सगळे जमते, मग आमचेच का जमत नाही?” हा पत्नीचा प्रश्न बाहेरून पाहता अगदी रास्त वाटतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी याचे जे विवेचन केले आहे, ते मला सर्वांत उद्‌बोधक वाटले. त्यांच्या मते या व्यक्तींना काय करावे हे ठाऊक असते. ठाऊक असलेले योग्य वेळी हातून घडत नाही, ही त्यांची अडचण होय. म्हणूनच त्यांना उपदेश करून उपयोग होत नाही. तो त्यांना पाठ असतो.

तपासणी आणि तिची भीती

या विकारासाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचे छायाचित्र काढूनही निदान होत नाही. मनोविकारतज्ज्ञ सविस्तर मुलाखत घेतात. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निकषांप्रमाणे काही लक्षणे वयाच्या बारा वर्षांपूर्वीपासून असावी लागतात. घर, काम यांसारख्या एकाहून अधिक ठिकाणी ती दिसावी लागतात. आणि त्यांमुळे आयुष्यात खरोखरीचा अडथळा निर्माण झालेला असावा लागतो. सतरा वर्षांवरील व्यक्तीत अवधानाची किंवा चंचलतेची प्रत्येकी नऊपैकी किमान पाच लक्षणे पाहिली जातात. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक प्राथमिक प्रश्नावली आहे, परंतु तिच्यावरून केवळ संशय घेता येतो. झोपेचे विकार, थायरॉइडचे दोष, नैराश्य, चिंता, मद्यपान यांमुळेही माणूस विसरभोळा होतो. ते आधी तपासले जातात. शाळेची जुनी प्रगतिपुस्तके येथे उपयोगी पडतात. “हुशार आहे, पण लक्ष देत नाही” हा शेरा ज्यांच्या पुस्तकात सातत्याने आला आहे, त्यांनी ती पुस्तके रद्दीत घालू नयेत.

अलीकडे भ्रमणध्वनीच्या सवयीने सर्वांचेच चित्त उडालेले असते आणि प्रत्येकाला आपल्याला हा विकार असल्याचा भास होतो. त्यांतील बहुतेकांना तो नसतो. लहानपणापासूनचा इतिहास नसेल तर सहसा कारण दुसरे असते.

तपासणीस जाणे हे मात्र सोपे नाही. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील ठाणे, पुणे व नागपूर येथील रुग्णालयांबरोबरीचे एक प्रमुख शासकीय मनोरुग्णालय. एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेल्या या संस्थेचा उल्लेख कोकणात थट्टेत ज्या प्रकारे होतो, तो सर्वांना ठाऊक आहे. आमच्या गृहस्थांना मनोविकारतज्ज्ञाचे नाव सुचविले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, “मला तिकडे पाहिले कोणी तर गिऱ्हाईक येईल का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्याचा धंदा लोकांच्या विश्वासावर चालतो, त्याला तो पडणारच. बाह्यरुग्ण विभागात जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे, हेही पुष्कळांना माहीत नसते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू असून, तालुक्यापर्यंत ही सेवा पोहोचावी हा त्यांचा हेतू आहे. ज्यांना प्रथम केवळ बोलावयाचे आहे, त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतून बोलता येते. या गृहस्थांनीही आधी दूरध्वनीच केला होता, तोसुद्धा गॅरेज बंद करून, शटर आतून ओढून घेऊन.

औषध आणि फळा

निदान झाल्यावर त्यांना सुटल्यासारखे वाटले, आणि पाठोपाठ संताप आला. “शाळेत मार खाल्ला, बापाचा खाल्ला, तो फुकटच की!” असे ते म्हणाले. प्रौढपणी निदान झालेल्या अनेकांचा हा अनुभव आहे. त्यासाठी थोडा वेळ द्यावा लागतो.

उपचारात मेथिलफेनिडेट हे प्रमुख औषध आहे. ते १९४४ साली प्रथम तयार करण्यात आले. मेंदूतील वर उल्लेखिलेली रसायने अधिक काळ उपलब्ध राहतील अशी तजवीज ते करते. भारतात ते १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेणे, दुसऱ्याला देणे हे धोक्याचे आणि बेकायदेशीरही आहे. भूक मंदावणे, झोप उडणे, नाडीचा वेग व रक्तदाब वाढणे हे त्याचे दुष्परिणाम होत. म्हणून हृदयाची व रक्तदाबाची तपासणी आधी आणि नंतरही करावी लागते. ज्यांना ते मानवत नाही त्यांच्यासाठी अॅटोमॉक्सेटीनसारखे उत्तेजक नसलेले औषध आहे. औषधाने बऱ्याच जणांस चांगला गुण येतो, पण औषध घेतल्याने वीजबिल आपोआप भरले जात नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत तर प्रौढांच्या बाबतीत आधी भोवतालच्या व्यवस्थेत बदल करावेत आणि तरीही अडथळा राहिल्यास औषधाचा विचार व्हावा, असे म्हटले आहे. भोवतालची व्यवस्था म्हणजे काय, हे हातखंब्याच्या त्या गॅरेजमध्ये चांगले पाहावयास मिळते.

तेथे आता भिंतीवर एक मोठा काळा फळा आहे. गाडी आली की तिचा क्रमांक, काम आणि द्यावयाचा दिवस फळ्यावर लिहिल्याशिवाय बॉनेट उघडायचे नाही, असा नियम त्यांनी स्वतःस घातला आहे. फळ्यावर एका वेळी तीनच रकाने आहेत. चौथी गाडी आली तर बाहेर उभी राहते. पूर्वी ते मनातल्या मनात हिशेब करून “संध्याकाळी न्या” असे सांगत. आता जो वेळ सुचेल त्याच्या दुप्पट सांगतात. प्रथम गिऱ्हाइके कुरकुरली. दिलेल्या वेळी गाडी मिळू लागल्यावर गप्प बसली. समोर मोठे काट्यांचे घड्याळ आहे. सरलेला वेळ काट्यांच्या घड्याळात डोळ्यांना दिसतो, अंकांच्या घड्याळात तो दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

पैशाची व्यवस्था त्यांच्या पत्नीने सुचविली. रोजच्या गल्ल्यातील ठरावीक रक्कम संध्याकाळी पिग्मीवाल्याच्या हाती जाते. तो दारात येतो म्हणूनच हे साधते. बँकेत जाऊन भरायचे असते तर साधले नसते, हे ते स्वतः मान्य करतात. वीजबिल व विम्याचा हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. पाच हजारांपुढची खरेदी करायची झाल्यास ती वस्तू फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची आणि आठ दिवस थांबायचे. मी गेलो तेव्हा त्या कोपऱ्यात एका यंत्राचे नाव होते, आणि त्यावर एक आडवी रेघ होती.

कागदपत्रांसाठी त्यांनी काढलेली युक्ती मला विशेष वाटली. दर सोमवारी दुपारी त्यांचा पुतण्या आपला अभ्यास घेऊन शेजारी बसतो. तो काही मदत करीत नाही. परंतु शेजारी माणूस बसलेला असला, की कराचे विवरण, पावत्या, अर्ज ही कामे हातावेगळी होतात. पाश्चात्त्य देशांत हा उपाय आता अनेक जण जाणीवपूर्वक वापरतात. आपल्याकडे पापड लाटायला किंवा आमसुले करायला चार बायका एकत्र बसत, तेव्हा कंटाळवाणे काम असेच उरकत असे.

यांपैकी एकही उपाय महागडा नाही. स्मरण, वेळ आणि आवर या तीन गोष्टी डोक्यात ठेवण्याऐवजी भिंतीवर, घड्याळात आणि दुसऱ्या माणसाच्या हाती ठेवल्या आहेत, इतकेच. चष्मा लावणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. फळ्याला मात्र लोक सुरुवातीला हसले.

उपाय मोडतात, हेही सांगितले पाहिजे. शिमग्यात पालखी नाचविण्याच्या दिवसांत फळा दहा-बारा दिवस कोरा राहिला आणि एका ट्रकमालकाशी चांगलेच वाजले. अशा वेळी सारे सोडून देण्याकडे या मंडळींचा कल असतो. डॉक्टरांनी त्यांना आधीच बजावले होते, की व्यवस्था मोडणार हे धरूनच चालावे आणि मोडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडावी. नियमित झोप आणि घाम येईल असा व्यायाम यांचाही उपयोग होतो. तंबाखू या मंडळींत जास्त आढळते. ती सोडविण्यास डॉक्टरांचे साहाय्य घ्यावे.

महामार्गावरील गावाने लक्षात घ्यावयाची आणखी एक गोष्ट म्हणजे वाहन चालविणे. या विकाराच्या व्यक्तींच्या हातून अपघात होण्याचा धोका इतरांहून अधिक असतो. स्वीडनमध्ये सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पुरुष रुग्णांत औषध चालू असलेल्या काळात गंभीर अपघातांचे प्रमाण लक्षणीय कमी असल्याचे त्यात दिसले. हातखंबा-निवळी या टप्प्यावर वायूचे टँकर उलटून वाहतूक तासन्‌तास खोळंबल्याच्या घटना अलीकडच्या वर्षांत पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. अशा प्रसंगी हेच गृहस्थ सर्वांआधी धावून जातात आणि इतरांचे हातपाय गळाले असता त्यांचे डोके थंड असते. त्यामुळे हा विकार म्हणजे देणगीच होय, असे म्हणण्याची अलीकडे प्रथा पडत आहे. मला ते पटत नाही. अपघाताच्या रात्री उपयोगी पडणारा गुण वर्षातून दहा रात्री कामास येतो. संसार उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांचा असतो. स्वतः गाडी चालविताना ते आता भ्रमणध्वनी मागच्या हौद्यात टाकतात.

स्त्रियांच्या बाबतीत

हे विवेचन एका पुरुषाभोवती फिरले, कारण माहिती त्यांची होती. स्त्रियांमध्ये चंचलतेपेक्षा अवधानाची न्यूनता अधिक असते आणि ती कोणास त्रास देत नाही, म्हणून शाळेत लक्षातच येत नाही. लग्नानंतर घर, मुले, सणवार, नोकरी हे सारे एकटीच्या स्मरणशक्तीवर येऊन पडते, तेव्हा तारांबळ उडते. दूध उतू जाते, मुलाच्या सहलीचे पैसे राहून जातात. पुरुषाला लोक छांदिष्ट म्हणतात. बाईला संसार न येणारी म्हणतात. पुष्कळ जणी रात्री जागून सर्व निभावून नेतात आणि डॉक्टरांकडे जातात त्या नैराश्य किंवा निद्रानाशाची तक्रार घेऊन. त्यामुळे मूळ विकार लपून राहतो. रत्नागिरीतच एका महिला डॉक्टरांनी मला सांगितले, की अशा स्त्रीला त्या पहिल्या भेटीत एकच प्रश्न हटकून विचारतात : घरात याद्या कोण ठेवते?

नोकरदारांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार नमूद आहेत. त्यांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांचा समावेश आहे, परंतु एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे या कारणासाठी सवलत हक्काने मागता येईल असे नाही. वरिष्ठांशी बोलूनच मार्ग काढावा लागतो. तोंडी आदेशाऐवजी लेखी टिपण देणे, मोठ्या कामाची मुदत टप्प्याटप्प्याने ठरविणे, खिडकीजवळची किंवा ये-जा असणारी जागा बदलून देणे एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आणि लेखी टिपणाने कोणत्याही कचेरीचे नुकसान झाल्याचे माझ्या वीस वर्षांच्या सेवेत ऐकिवात नाही.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा हातखंब्यास थांबण्याचा योग आला. गृहस्थांच्या पत्नी गॅरेजच्या दाराशी बसून हिशेब लिहीत होत्या. फळ्याच्या तळाशी, हात पोहोचेल इतक्या उंचीवर, एक छोटा चौकोन नव्याने आखलेला होता. त्यात मुलाच्या अक्षरांत दप्तर, डबा, पाण्याची बाटली असे लिहिले होते आणि पहिल्या दोहोंपुढे बरोबरची खूण होती. “बाटली शाळेतच राहिली,” असे त्याने कोणी विचारण्यापूर्वीच सांगितले. बापाने खडू घेऊन बाटलीपुढे ‘उद्या’ असे लिहिले आणि तो पुन्हा गाडीखाली शिरला.